हुंडी, हुंडणावळ आणि परदेशची वाट

गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता टोरांटोस मुलीकडे जाऊन आलो. जाण्यायेण्याची तिकिटे पुण्याच्या पुतण्याने काढून पाठविली. किती पैसे द्यावयाचे असे विचारता तो म्हणाला, "काका, तिकिटाला पैसे पडलेच नाहीत. माझ्या क्रेडिट कार्डावर पॉइंट साठले होते, त्यांत झाले. वरचा कर तेवढा भरावा लागला." खासगी बाजारातील आमच्या घरी ही वार्ता सांगितली तेव्हा शेजारच्या वाड्यातील एका वयोवृद्ध गृहस्थांनी क्षणभर विचार केला आणि विचारले, "मग पैसे भरले कोणी?" आमची उभी हयात राज्यशासनाच्या कोषालयात जमाखर्च पाहण्यात गेली, तरी या प्रश्नाचे उत्तर आम्हांस तत्काळ देता आले नाही. ते शोधताना आम्ही बरेच मागे गेलो. त्या शोधाचा हा वृत्तांत.

दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास येथे स्थिरावली आणि तिचेच लष्कर शहर झाले. तेव्हापासून आपल्या कुटुंबांना एक प्रश्न सतत पडत आला. मिळकत उत्तरेत, कुलदैवत, वतन आणि भाऊबंद देशावर किंवा कोकणात, आणि मनात काशीयात्रा. पैसा येथून तेथे न्यावयाचा कसा? चांदीचे हजार रुपये म्हणजे सुमारे साडेअकरा किलोंचे ओझे. ते उंटावर लादावे तर पहारेकरी हवेत, आणि पहारेकरी ठेवावेत तर ओझे आहे हे साऱ्या मुलखाला कळते. शिवाय एका संस्थानचा रुपया दुसऱ्या संस्थानात पूर्ण मोलाने चालत नसे. नाणावटी त्यावर बट्टा घेई.

याला उपाय हुंडीचा. लष्करच्या सराफ्यात सावकाराच्या पेढीवर रुपये भरावयाचे, त्याने काशीच्या किंवा पुण्याच्या आपल्या आडत्यावर चिठ्ठी लिहून द्यावयाची आणि यात्रेकरूने ती तेथे वटवावयाची. दाखविताच पैसे मिळत ती दर्शनी हुंडी. ठरावीक दिवसांनी मिळत ती मुदती. या व्यवहाराबद्दल सावकार जे घेई ती हुंडणावळ. अंतर, वाटेतील धामधूम आणि त्या त्या पेठेत रोकड किती आहे यांवर ती कमीजास्त होई. पण जी काही असेल ती आधीच सांगितली जाई.

हुंडीचा मसुदा मोठा मार्मिक असे. रक्कम नुसती लिहून भागत नसे. शंभर रुपये लिहिले की त्यांचे निमे पन्नास, त्यांचे दुप्पट पुरे शंभर, असा खुलासा करीत, म्हणजे मागाहून कोणी शून्य वाढविले तर ते उघडे पडे. हुंडी हरवली तर सावकार दुसरी प्रत देई, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर परपेठ. वटलेली हुंडी म्हणजे खोखा, ती हिशेबास जोडून ठेवीत. सर्वांत शहाणपणाचा प्रकार शहाजोग हुंडीचा. तिचे पैसे पेठेत पत असलेल्या शहाच्याच हाती पडत. चोराने ती पळविली तरी त्याला ओळख देणारा शहा मिळणे कठीण, म्हणून कागद हाती येऊनही तो रिकामाच राही. आज कार्ड हरवले असता मोबाइलवर येणाऱ्या गुप्त अंकाने जी राखण होते, ती त्या काळी माणसाच्या ओळखीने होत असे.

यात्रेकरू आणि हुंडी यांची सांगड इतकी परिचित होती की ती भक्तिकथेतही शिरली. जुनागढास आलेल्या द्वारकेच्या यात्रेकरूंनी नरसी मेहतांपाशी रुपये भरून हुंडी मागितली. नरसींची कोठे पेढी नाही, आडत्या नाही. त्यांनी द्वारकेच्या शामळशहा सावकाराच्या नावे ती लिहून दिली आणि भगवंताने शामळशहा होऊन ती सकारली. कथा भक्तीची खरी. पण नाव ऐकताच हुंडी सकारणारा कोणी तरी दूरच्या गावी असावा लागतो, हे तिच्यातील व्यवहाराचे मर्म आहे.

हे मर्म किती नाजूक होते ते १८५७ साली दिसले. त्या वर्षी वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले, ते आपल्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता ऐकून. दक्षिणा मिळेल आणि घरचे ऋण फिटेल ही आशा. ज्या बाईंच्या दानावर त्यांनी भरवसा ठेवला होता त्या स्वतः पैशाचा व्यवहार उत्तम जाणत. उज्जैनीस त्यांच्या सावकारी पेढ्या होत्या. पण वाटेतच बंडाची धामधूम उसळली. मुलूख अस्थिर झाला की आधी सावकार दार लावतो, आणि दार लागले की हुंडी हा नुसता कागद. गोडसे भटजींना जे मिळाले ते रोख मिळाले, आणि रोख असल्यामुळेच झाशीच्या पाडावात व पुढच्या लुटालुटीत हातचे गेले. घरी पोचली ती गंगेची कावड. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध करणारे चिंतामण विनायक वैद्य काही काळ आपल्याच ग्वाल्हेर संस्थानात मुख्य न्यायाधीश होते, हा योगायोग आपणांस सुखावणारा आहे.

त्याच धामधुमीची दुसरी खूण आपल्या सराफ्यात आहे. जून १८५८ च्या आरंभी राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांनी ग्वाल्हेर घेतले. जयाजीराव महाराज आग्ऱ्यास गेले. गंगाजळी खजिन्याचे रक्षक अमरचंद बाँठिया यांनी खजिन्यातून फौजेसाठी पैसा दिला. इंग्रजांनी शहर परत घेतल्यावर २२ जून १८५८ रोजी त्यांना सराफ्यातच लिंबाच्या झाडावर फाशी दिले. पैसे कोणी भरले, या प्रश्नाचे इतके भयंकर उत्तर आमच्या वाचनात दुसरे नाही.

मात्र हुंडीचे गुणगान करताना हेही सांगितले पाहिजे की ती पतदारांची सोय होती. ज्याला पेठेत कोणी ओळखत नाही त्याने कमरेचा कसा आवळून पायी निघावे आणि ठगांच्या हाती सापडू नये म्हणून देवाची करुणा भाकावी. आपल्या सरदार घराण्यांच्या यात्रांच्या कथा आपण हौसेने सांगतो. त्या यात्रांत मागून पायी चालणाऱ्या शागिर्दपेशाचा पैसा कसा जात होता, हे कोणी लिहून ठेवलेले आमच्या पाहण्यात नाही.

पुढचा काळ झपाट्याने बदलला. १८८० साली टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली. १८८१ च्या परक्राम्य पत्रांच्या कायद्याने देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक प्रथांना मुद्दाम हात लावला नाही, ही त्यांच्या प्रतिष्ठेची पावतीच. पण आगगाडी आणि बँक यांपुढे त्यांचे राज्य आटत गेले. विलायतेच्या प्रवाशांसाठी थॉमस कुकने १८७४ पासून आपल्या नोटा काढल्या, आणि अमेरिकन एक्सप्रेसने १८९१ साली प्रवासी धनादेश आणला. घेताना एक सही, वटविताना समोर दुसरी. शहाच्या ओळखीची जागा सहीने घेतली.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची अशी चणचण झाली की पैसा कसा न्यावा हा प्रश्नच उरला नाही, कारण नेण्यास पैसाच मिळत नसे. १९७० च्या सुमारास आमचे एक नातलग उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेले तेव्हा त्यांच्या खिशात आठ डॉलर होते. त्या पिढीतील अनेकांची हीच कथा आहे. १९७३ च्या कायद्याने बंधने अधिकच आवळली. तो जाऊन १९९९ चा कायदा १ जून २००० पासून लागू झाला. २००४ साली व्यक्तीस वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर नेण्याची मोकळीक मिळाली आणि २०१५ पासून ती अडीच लाखांवर गेली. ज्या घरांतून आठ डॉलर घेऊन मुले गेली, त्याच घरांतील आजीआजोबा आता दर दोन वर्षांनी नातवंडांकडे जाऊन येतात.

आता कार्डाकडे येऊ. न्यूयॉर्कात डायनर्स क्लब १९५० साली निघाला. आपल्याकडे सेंट्रल बँकेने १९८० साली कार्ड काढले. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने प्रवाशांना मैल जमेस धरण्याची योजना आणली, आणि पुढे विमान कंपन्यांनी हे मैल बँकांना विकण्यास आरंभ केला. शेजारच्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. कार्डाने खरेदी झाली की दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही. शेकडा दीड-दोन रुपये कापले जातात. त्यांतील काही वाटा बँक पॉइंटांच्या रूपाने ग्राहकाला देते. म्हणजे पुतण्याच्या तिकिटाचे पैसे पुण्याच्या किराणा दुकानदाराने, कपडेवाल्याने आणि खानावळवाल्याने थोडे थोडे भरले. आणि ते आपला भाव ठरविताना ही कपात धरीत असतील तर रोख देणाऱ्या गिऱ्हाइकानेही भरले. शिवाय जो महिनाअखेर पूर्ण बिल चुकते करीत नाही त्याच्याकडून बँक शेकडा साडेतीनच्या आसपास दरमहा व्याज घेते. ते वर्षाला चाळीसच्या वर जाते. आपला पुतण्या बिल वेळेवर भरतो म्हणून त्याला पॉइंट लाभतात. न भरणाऱ्याच्या व्याजातून त्यांचा खर्च निघतो.

परदेशात हीच हुंडणावळ वेषांतर करून भेटते. आपल्या अनेक कार्डांवर परकीय चलनाच्या व्यवहारास शेकडा साडेतीन आकार पडतो आणि त्या आकारावर १८ टक्के कर. लाखाचा खर्च केला तर ४,१३० रुपये गेले. त्याच खर्चावर पॉइंट मिळतात ते बहुधा हजार-दोन हजारांचे. काही कार्डांवर हा आकार कमी किंवा मुळीच नसतो, तेव्हा नेणाऱ्याने आधी ते पाहावे. टोरांटोच्या एका दुकानात यंत्राने आम्हांस विचारले, रक्कम रुपयांत घ्यावी की डॉलरांत? मायदेशाचे नाणे पाहून आम्ही हर्षाने रुपये म्हटले. घरी येऊन हिशेब केला तो दुकानाच्या यंत्राने बट्टा चांगलाच लावलेला. पुढे आम्ही डॉलरच म्हणत गेलो. जुना नाणावटी बट्टा घेई तो तोंडावर घेई, हे त्या रात्री फार आठवले.

पॉइंट म्हणजे पैसा नव्हे, हेही जाणून असावे. हुंडीवर लिहिलेले शंभर शंभरच राहत. पॉइंटांचे मोल देणाराच ठरवितो आणि वाटेल तेव्हा घटवितो. मुदत टळली की ते नाहीसे होतात. सरकारचेही लक्ष या वाटेवर आहे. मे २०२३ मध्ये परदेशातील क्रेडिट कार्डाचा खर्च वर सांगितलेल्या डॉलर-मर्यादेत धरण्याचे ठरले आणि ओरड होताच जूनअखेर ते लांबणीवर टाकले गेले.

परत आल्यावर आम्ही शेजारच्या गृहस्थांना हे सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि कराचे पैसे?" ते पुतण्याचे आम्ही दुसऱ्याच दिवशी त्याच्या खात्यावर जमा केले, शेकडा दोन रुपये हुंडणावळ धरून. हुंडणावळ त्याने संध्याकाळीच परत पाठविली.