शिवलेली वही: जुन्नरचा कागद, देहूची वही आणि आमच्या मांजर्लीचा दाभण

इतिहास म्हटलं की आपण लढाया आणि तहांवर बोलतो. आजचा एपिसोड मात्र एका वहीवर आहे. ज्यांना ऐकायला वेळ नाही, लोकलमध्ये कानात हेडफोन घालायलाही हात मोकळा होत नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना जे निसटलं ते थोडं नीट करून घेतलंय.

आधी एक प्रश्न. मे महिना संपत आला की तुमच्या घरी जुन्या वह्या फाडायचा कार्यक्रम व्हायचा का? आमच्याकडे, बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत, अगदी ठरलेला. मागच्या वर्षीच्या वह्यांच्या पिना काढायच्या, मधली कोरी जोडपानं वेगळी करायची, मैद्याची खळ शिजवायची, आणि आजी दाभण घेऊन बसायची. आम्ही भावंडं दोऱ्याला मेणबत्ती घासून द्यायचो. जूनमध्ये त्याच वह्या ‘रफ’ म्हणून शाळेत जायच्या. मला तेव्हा लाज वाटायची, कारण बाकीच्यांच्या वह्यांवर क्रिकेटपटू असायचे आणि माझ्या वहीवर जुन्या कॅलेंडरची पाठ.

ही काटकसर फक्त आपल्या मध्यमवर्गीय घरांची, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. कागदाचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा कळलं की आपल्याकडे कागदाचा जन्मच भंगारातून झालाय.

बघा, आमच्या शेजारी अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख आहे. त्या काळी टिकवून ठेवायचं ते दगडावर नाहीतर तांब्याच्या पत्र्यावर. हाताने केलेला कागद दख्खनमध्ये रुळला तो नंतरच्या शतकांत. दौलताबादजवळ, खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा नावाचं गाव आहे. महंमद तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा कागद करणारे कारागीर तिथे आले अशी परंपरा सांगतात. दुसरं मोठं केंद्र जुन्नर. मराठेशाहीच्या दप्तरांत जुन्नरी आणि दौलताबादी कागद सारखा भेटतो. पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा आहे, ते नाव याच कारागिरांचं.

आता हा कागद व्हायचा कशाचा? जुनी गोणपाटं, तुटके दोर, तागाच्या चिंध्या. ते तुकडे चुन्यात भिजवायचे, कुटायचे, नदीवर नेऊन धुवायचे, परत कुटायचे. असं अनेक दिवस चालायचं. मग तो लगदा पाण्याच्या हौदात सोडायचा. कारागीर हौदाच्या काठाशी बसून गवताच्या काड्यांची चटईसारखी चाळण पाण्यात बुडवायचा, आडवी उचलायचा, पाणी निथळलं की ओला ताव दुसऱ्या तावावर उलटवायचा. दाबून पाणी काढलं की ताव घराच्या गुळगुळीत भिंतीवर कुंच्यानं चिकटवायचे. भिंत हेच ड्रायर! सुकल्यावर खळ लावायची, नाहीतर शाई फुटते. शेवटी गुळगुळीत दगडानं घोटायचं, म्हणजे बोरू अडखळत नाही. घरातल्या अनेक हातांचं हे काम, आणि राहत्या घराच्या भिंतीसुद्धा त्यात कामाला. पुढे पुढे तर लिहिलेली रद्दीही परत लगद्यात जाऊ लागली.

गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसला. १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकारानं वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला, कुमारप्पांनी तो सांभाळला, त्यात हातकागद हा एक महत्त्वाचा उद्योग होता. पुण्यात के. बी. जोशींनी १९४० मध्ये हातकागद संस्था उभी केली. पुण्यात शिवाजीनगरला गेलात तर तिथला कागद हातात घेऊन बघा, कडेचे तंतू बोटाला लागतात.

कागद झाला, आता पुस्तक. आपल्याकडे मुख्य तऱ्हा दोन. पोथी म्हणजे सुटी आडवी पानं, वरखाली लाकडी फळ्या, आणि सगळं रुमालात बांधलेलं. पानं हरवली तर हरवली. दुसरी तऱ्हा शिवलेली: वही, चोपडी आणि बाड. बाड अरुंद बाजूला शिवतात, पत्रकारांच्या नोटपॅडसारखं पान वर उलटतं. कीर्तनाला, भजनाला उभं राहिलं की असं काहीतरी हातात लागतंच. समर्थ संप्रदायातली अशी बाडं धुळ्याला शंकर श्रीकृष्ण देवांनी गोळा करून ठेवली.

आणि वही म्हटलं की तुकाराम महाराज. वह्या इंद्रायणीत बुडाल्या आणि तेरा दिवसांनी तरल्या, ही कथा तुम्हाला माहीतच आहे. देहूच्या देवळात ‘भिजकी वही’ म्हणून एक हस्तलिखित जपलं गेलं. त्यापेक्षा मला इंजिनिअर म्हणून जास्त भावतात ते संताजी जगनाडे. तेलाचा घाणा चालवणारा माणूस, अभंग आपल्या हातानं वहीत उतरवून ठेवतो. याला आम्ही बॅकअप म्हणतो. पुढे १९१९-२० मध्ये वि. ल. भाव्यांनी जगनाड्यांच्या वह्यांवरून गाथा छापली. हे भावे आपल्या ठाण्याचे, १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय उभं करणारे. घराघरांत शिवलेल्या वह्या राहिल्या नसत्या तर त्यांना छापायला काय मिळालं असतं?

आता आमच्या वहीकडे येतो. २६ जुलै २००५. उल्हास नदीचं पाणी आमच्या तळमजल्याच्या खोलीत शिरलं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. खालच्या फळीवरचं सगळं भिजलं. शाई पेननं लिहिलेल्या ताईच्या वह्या निळ्या पाण्यासारख्या झाल्या, नुसत्या गोंदानं चिकटवलेल्या पुस्तकांच्या पाठी सुटल्या. आजीची ओव्यांची आणि भजनांची वही मात्र राहिली. त्यात चमत्कार नव्हता. बॉलपेनची शाई तेलकट असते, ती पाण्यात विरघळत नाही. आणि पानं घडीतून दोऱ्यानं शिवलेली होती. आजीनं ती चार दिवस दोरीवर कपड्यांसारखी वाळत घातली.

आजी २०१९ मध्ये गेली. गेल्या मे महिन्यात वहीचा दोरा तुटला. कोणीतरी म्हणालं, स्कॅन कर आणि ठेवून दे. स्कॅन मी केलंच, पण ताईची मुलगी म्हणाली आपण शिवू या. मग खळ, दाभण, मेणबत्ती, सगळं पुन्हा निघालं. शिकवायला आजी नव्हती, त्यामुळे पहिल्यांदा आम्ही घडीऐवजी कडेला शिवलं आणि वही उघडेचना. उसवून परत घडीत पाच भोकं पाडली.

उसवताना लक्षात आलं की काही पानं जाड आहेत. पुरानंतर त्यांच्या कडा सुटल्या होत्या. पाण्याचा हात लावून हळूच उघडली तर आत दुसरंच अक्षर. काकाची नववीची विज्ञानाची प्रयोगवही! उजवीकडे रेघांवर प्रयोग, डावीकडे आकृतीसाठी कोरं पान. आजीनं लिहिलेल्या बाजू समोरासमोर चिकटवून दोन्हीकडून कोरं पान तयार केलं होतं. कोरी पानं इतकी उरली होती, कारण काकानं त्या वर्षी मध्येच शाळा सोडली आणि अंबरनाथला कामाला लागला. माझ्या बाबांची शाळा त्यामुळे चालू राहिली. घरात याबद्दल कोणी कधी बोललं नव्हतं.

शेवटच्या प्रयोगाला तारीख आहे, बाईंची सही नाही. काकाला बोलावून दाखवलं. त्यानं चष्मा लावला, आकृतीकडे बघितलं आणि म्हणाला, “चंचुपात्र वाकडं आलंय.” मग विचारलं, ही पानं परत चिकटवणार का उघडी ठेवणार.

आम्ही उघडीच शिवलीत. आता वहीत ओव्यांच्या मधेमधे प्रयोग येतात. खळीत थोडी मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून. पण घरात लहान मूल होतं म्हणून आम्ही ती टाळली आणि वहीत कडुनिंबाचा पाला ठेवला. तुमच्या घरी अशी वही असेल तर मोरचुदीच्या भानगडीत न पडता हाच पाला वापरा, आणि शिवायच्या आधी जाड पानं चाचपून बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.