टोचणे, पाजणे, घेणे : लसीकरणाच्या इतिहासातील परिचारिका-विद्यार्थिनी

सार्वजनिक लसीकरणाचा इतिहास बहुधा लस शोधणाऱ्या शास्त्रज्ञांचा आणि कायदे करणाऱ्या शासनाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. लस घराच्या उंबरठ्यापर्यंत नेणारा वर्ग त्यात क्वचितच दृष्टीस पडतो. ह्या वर्गात परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनी आणि त्यांच्या शिक्षिका, म्हणजे शासकीय परिभाषेतील 'पाठ्यनिर्देशिका', ह्यांचे स्थान मोठे आहे. त्यांच्या कार्याचे स्वरूप लोकांच्या बोलण्यातील क्रियापदांवरून कसे उकलते, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचण्यात आली. हिंदुस्थानातील पहिले यशस्वी लसीकरण ते हेच. एका मुलाच्या दंडावरील फोडातून निघालेला द्रव दुसऱ्याच्या दंडात घालावयाचा, अशी तेव्हाची रीत होती. फोडातून स्रवणाऱ्या चिकट द्रवास मराठीत 'लस' असा शब्द होताच. तोच नव्या उपायास लागू पडला. पुढे १८२७ पासून मुंबई इलाख्यात फिरते टोचणारे नेमले गेले आणि १८७७ च्या कायद्याने मुंबई शहरात मुलांस देवी टोचणे सक्तीचे झाले. 'मुलाला देवी टोचल्या' हे ह्या काळाचे वाक्य होय. त्यात टोचणारा कर्ता आहे, मूल टोचून घेणारे आहे. आईबापांच्या संमतीस वाक्यात जागाच नाही. कान सोनारानेच टोचावेत, अशी आपली म्हण आहे. येथे टोचणारा सरकारी, पुरुष आणि बहुधा परगावचा. आणि ज्या घरी तो जाई, तेथे 'देवी आल्या' असे म्हणून रोगासही मान दिला जात असे. हे अंतर कायद्याने मिटण्यासारखे नव्हते.

प्लेगच्या काळात हे अंतर वाढलेच. वॉल्डेमार हाफकिन ह्यांनी मुंबईत प्लेगप्रतिबंधक लस सिद्ध करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. परंतु त्याच वर्षी पुण्यात गोऱ्या शिपायांनी घरांच्या झडत्या घेतल्या आणि त्याची परिणती २२ जून रोजी रँडवर गोळ्या झाडण्यात झाली. आरोग्याच्या नावाने दाराशी आलेल्या माणसाविषयीचा संशय त्यामुळे खोल रुजला. औषध उत्तम असले, तरी ते कोण आणि कोणत्या भाषेत पुढे करतो, ह्यावर त्याचा स्वीकार अवलंबून राहतो, हा धडा ह्या घटनांतून मिळतो.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटू लागले. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालाने प्रतिबंधक आरोग्यसेवेवर भर दिला होता; भारतीय परिचर्या परिषदेसंबंधीचा कायदा १९४७ चा. सामुदायिक आरोग्य हा परिचर्येच्या शिक्षणक्रमाचा भाग झाल्यामुळे विद्यार्थिनी वॉर्डाबाहेर पडली आणि पाठ्यनिर्देशिकेबरोबर वस्तीत जाऊ लागली. १९६२ साली देवी-निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. १९७५ नंतर देशात देवीचा रुग्ण आढळला नाही. १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम आला.

१९९५ साली सुरू झालेल्या पल्स पोलिओ मोहिमेने मराठीला ह्या क्षेत्रात नवे क्रियापद दिले. पोलिओचा डोस टोचावयाचा नसून 'पाजावयाचा' होता. 'पाजणे' हे आईचे क्रियापद आहे. मूल आईच्याच मांडीवर राहते. ठरलेल्या रविवारी केंद्रावर डोस पाजून झाल्यावर पुढील दिवसांत घरोघर फिरून दारांवर खडूने 'पी' किंवा 'एक्स' अशी खूण केली जाई. 'एक्स' म्हणजे मूल राहिले, पुन्हा यावयाचे. खरे काम ह्याच दारांशी असे. 'नको' म्हणणाऱ्या आजीला उत्तर देण्यास औषधशास्त्राचे पुस्तक पुरत नाही. तिला आधी आजी म्हणावे लागते, बसावे लागते, ऐकावे लागते. हे विद्यार्थिनी वर्गात शिकत नाही, शिक्षिकेच्या मागे उभी राहून शिकते. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. त्यात अशा संभाषणांचा वाटा आहे.

नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली, तेव्हा निराळीच अडचण पुढे आली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांस ही लस द्यावयाची होती. 'गोवर' हा शब्द घराघरात होता. 'रुबेला'ला मराठी घरात नावच नव्हते. ज्या रोगाला नाव नाही, त्याची भीती नाही. मग लस कशाला, हा पालकांचा प्रश्न भाषेच्या दृष्टीने अगदी सयुक्तिक होता. हा रोग मुलास फारसा त्रास देत नाही, पण गर्भवतीस झाल्यास पोटातल्या बाळाचे डोळे, कान आणि हृदय ह्यांस इजा करतो, एवढे साध्या मराठीत सांगता येणे हेच तेथे परिचर्येचे कौशल्य होते.

१६ जानेवारी २०२१ पासून कोविडची लस देण्यास आरंभ झाला. नोंदणी करणे, टोचणे, नंतर अर्धा तास लक्ष ठेवणे ह्या कामांत अनेक ठिकाणी विद्यार्थिनी होत्या. लोक तेव्हा एकमेकांस विचारीत : 'लस घेतली का?' टोचून घेणारा आता वाक्याचा कर्ता झाला होता. एका क्रियापदावरून सामाजिक परिवर्तन सिद्ध होत नाही, हे खरे; परंतु 'टोचल्या'पासून 'घेतली'पर्यंतच्या प्रवासात समजावून सांगणाऱ्यांच्या पिढ्या उभ्या आहेत, एवढे निश्चित म्हणता येईल.

एक विसंगती मात्र नोंदविली पाहिजे. परिचर्येच्या पदवीचे अध्यापन आणि परीक्षा इंग्रजीतून होतात, आणि ज्या संभाषणावर लसीकरण तगते ते वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी अशा बोलींतून होते. ह्या दोहोंमधील पूल प्रत्येक पाठ्यनिर्देशिका स्वतःच्या अनुभवाने बांधते आणि तिच्या निवृत्तीबरोबर तो मोडतो. ह्या स्पष्टीकरणांचा, उपमांचा आणि शब्दांचा जिल्हावार संग्रह करणे हे भाषाभ्यासकांचे काम आहे. पुढच्या साथीत नव्या रोगाचे नाव प्रथम विद्यार्थिनीच्याच तोंडून घरात जाईल; त्यापूर्वी तो संग्रह तिच्या हाती असावा.