काळ्या पाण्याचा किनारा आणि कौलासचा कैदी

मंडळी, आपल्याकडची बरीच माणसं आता अंदमानला सहलीला जातात. तिथं गेल्यावर सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी बघायची, हात जोडायचे, संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम, आणि दुसऱ्या दिवशी हॅवलॉकची बोट. यात चूक काही नाही. पण आपल्या मुलखातून काळ्या पाण्यावर गेलेला माणूस त्या कोठड्यांत सापडणार नाही, कारण तो गेला तेव्हा ते जेलच नव्हतं.

त्यांचं नाव रंगराव पागे. निजामाच्या राज्यातले पटवारी. नानासाहेब पेशव्यांच्या नावानं माणसं जमवायची आणि इंग्रजांविरुद्ध उठाव करायचा, हा त्यांचा बेत. त्यात कौलासचे राजे दीपसिंग सामील झाले. कौलास कुठं, तर देगलूरच्या पलीकडं, आज तेलंगणात. बेत फुटला. दीपसिंगांना तीन वर्षांची कैद झाली. रंगरावांना आधी फाशी, मग ती बदलून काळं पाणी. 1860 मध्ये ते अंदमानातच वारले.

आता सेल्युलर जेलचं साल बघा. बांधकाम 1896 ला सुरू, 1906 ला पूर्ण. सात इमारती, सुमारे 690 कोठड्या. आज तीनच इमारती उभ्या आहेत. म्हणजे रंगराव गेल्यावर 36 वर्षांनी पाया खणला गेला. मग त्यांच्या वेळचं काळं पाणी कसं होतं? ते बघायला जेलमधून बाहेर पडून किनाऱ्याच्या रस्त्याला लागावं लागतं.

पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, सुरुवात चॅथम बेटापासून करा. 10 मार्च 1858 रोजी डॉ. वॉकर 200 कैदी घेऊन या बंदरात उतरले. भिंती नव्हत्या, छपरं नव्हती. समुद्र हीच भिंत. पायात बेड्या आणि हातात कुऱ्हाड, काम जंगल तोडायचं. पळून गेलेल्यांपैकी 80 हून अधिक जणांना वॉकरनी फासावर चढवलं. चॅथमची लाकूड गिरणी 1883 ची, बरीच नंतरची.

पुढं ॲबर्डीनचा किनारा. इथं 17 मे 1859 रोजी मूळच्या अंदमानी लोकांनी वसाहतीवर चाल केली. जंगल त्यांचं होतं, आणि ते तोडणारे हात कैद्यांचे होते. त्या लढाईचं स्मारक रस्त्यालगतच आहे. समोर पाण्यात रॉस बेट दिसतं. साहेबांचे बंगले, चर्च, नाचघर तिथं होतं, आणि ते उभारायला राबले कैदीच.

खाडीच्या पलीकडं जो डोंगर दिसतो तो माउंट हॅरिएट, आताचा माउंट मणिपूर. जुन्या लाल वीसच्या नोटेवर जी नारळाची झाडं आणि समुद्र होता ना, तो याच भागातला देखावा. त्याच डोंगराच्या पायथ्याशी 8 फेब्रुवारी 1872 ला शेर अली या कैद्यानं व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला भोसकलं. शेर अलीला फाशी झाली ती व्हायपर बेटावर.

ॲबर्डीनहून कॉर्बिन्स कोव्हपर्यंत रस्ता समुद्राला लागून जातो. फार देखणा आहे. गाडीतले लोक फोटो काढतात, काढावेतच. पण ही वसाहत कुणाच्या अंगमेहनतीवर उभी राहिली, ते गाडीतल्या लेकरांना सांगायला पाहिजे.

1911 मध्ये सावरकर तिथं पोचले, त्याआधी अर्धं शतक कैदी तिथं मरत होते. बहुतेकांचा ना फोटो, ना आत्मचरित्र. आपण 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्रामाचे झेंडे लावतो, हुतात्म्यांची नावं घेतो. निजामी राज्यातली इंग्रजांविरुद्धची झुंज 1857 च्या उठावापर्यंत मागं जाते, आणि तिचा एक धागा देगलूरच्या वेशीपासून अंदमानच्या किनाऱ्यापर्यंत पोचतो. त्या यादीत रंगराव पाग्यांचं नाव यायला हवं, एवढंच माझं मागणं आहे.