एग्मोंडची विहीर

आल्कमारला आपण जातो ते शुक्रवारचा चीजचा बाजार पाहायला. भारतातून पाहुणे आले की हा कार्यक्रम ठरलेलाच! पण तिथून थोड्याच अंतरावर, समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांआड, एग्मोंड-बिनन नावाचे गाव आहे आणि तिथे एका संताची विहीर आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. या संताचे नाव आडेलबर्ट.

ख्रिस्ती संन्यासाची परंपरा इजिप्तच्या वाळवंटात अंतोनीसारख्या एकांतवासी साधूंनी सुरू केली. पुढे सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम घालून दिले. इथल्या फ्रीजियन लोकांत ती परंपरा रुजवली समुद्रापलीकडून आलेल्यांनी. इ.स. ६९० मध्ये उत्तर इंग्लंडचा विलिब्रोर्ड काही सोबत्यांसह इथे उतरला. आपल्या मुलांच्या शाळेतल्या इतिहासात त्याचे नाव येते. आडेलबर्ट हा त्याचाच सहकारी, असे परंपरा सांगते. तो एग्मोंडला राहिला, लोकांत मिसळला, मायदेशी परतला नाही आणि सुमारे ७४० मध्ये त्याने तिथेच देह ठेवला.

दहाव्या शतकात विल्फ्सिट नावाच्या ननच्या स्वप्नात तो तीनदा आला आणि आपल्या अस्थी मठात हलवा, असे त्याने सांगितले, अशी कथा आहे. अस्थी उचलल्या तेव्हा रिकाम्या थडग्यातून पाणी वर आले. तीच ही विहीर. ही कथा वाचताना आम्हांला आळंदी आठवल्याखेरीज राहिली नाही. अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे, असे ज्ञानदेवांनी स्वप्नात सांगितले म्हणून एकनाथ महाराज आळंदीला गेले, ही आपल्याकडे घरोघरी ठाऊक असलेली गोष्ट. समाधी १२९६ ची, नाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती १५८४ मध्ये, म्हणजे मध्ये जवळजवळ तीनशे वर्षे गेली. एग्मोंडलाही थडगे आणि स्वप्न यांत पावणेदोनशे-दोनशे वर्षांचे अंतर आहे. स्वप्न खरे की खोटे, या वादात आम्ही पडत नाही. पण संताची आठवण पुन्हा जागी होते ती कुणाला तरी तिची गरज भासते तेव्हा, एवढे मात्र दिसते.

इथे ती गरज हॉलंडच्या काउंट घराण्याला होती. पहिल्या डर्कला ९२२ च्या सुमारास एग्मोंड मिळाले आणि त्याने तिथे ननांचा लाकडी मठ बांधला. दुसऱ्या डर्कने तो दगडी केला आणि गेंटहून बेनेडिक्टच्या पंथाचे संन्यासी आणले. त्याने मठाला दिलेला शुभवर्तमानांचा हस्तलिखित ग्रंथ आज द हेगच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यातील एका चित्रात डर्क व त्याची पत्नी हिल्डेगार्ड वेदीवर ग्रंथ ठेवत आहेत, तर दुसऱ्यात संत आडेलबर्ट त्यांच्यासाठी ख्रिस्ताकडे रदबदली करीत आहे. संताचे चरित्रही याच डर्कचा मुलगा, ट्रिअरचा आर्चबिशप एग्बर्ट याने लिहवून घेतले, तेही संताच्या मृत्यूनंतर सुमारे अडीचशे वर्षांनी. आपल्या महिपतींचा 'भक्तिविजय' १७६२ चा, आणि त्यात नामदेव-ज्ञानदेवांच्या कथा आहेत. अशा ग्रंथांत तारखा शोधू नयेत. लोकांनी त्या माणसाला कसे जपले, ते शोधावे.

१५७३ मध्ये, स्पॅनिश सैन्य आल्कमारवर चालून येत असताना, सोनॉय या बंडखोर सेनानीच्या आज्ञेने मठ जाळण्यात आला. शत्रूला तिथे आसरा मिळू नये, हा हेतू. अस्थी वाचल्या आणि हार्लेमला गेल्या. पुढे कॅथलिकांची उपासना बंद दारांआड गेली. एकोणिसाव्या शतकात मोकळीक मिळाली, तरी १८४८ च्या राज्यघटनेने रस्त्यावरच्या धार्मिक मिरवणुकांवर निर्बंध ठेवलेच. ते कलम गेले १९८३ च्या नव्या राज्यघटनेत. ज्या देशात आपण गणपतीची मिरवणूक काढण्याचा विचार करतो, तिथल्याच कॅथलिकांना आपल्या संताची पालखी काढायला इतकी वाट पाहावी लागली, हे आम्हांला तरी नवे होते.

१९३५ मध्ये एग्मोंडला पुन्हा मठ उभा राहिला आणि १९८४ मध्ये आडेलबर्टच्या अस्थी हार्लेमहून परत आल्या. त्याचा सण २५ जूनला असतो. मठातले संन्यासी मेणबत्त्या बनवण्यासाठी प्रसिद्ध आहेत. विहीर मठाच्या आवारात नाही, जवळच 'आडेलबर्टचे शेत' म्हणतात तिथे आहे. जुन्या चर्चच्या पायाची आखणी तिथल्या गवतात दिसते. हाइलो स्टेशनवरून सायकलने जाता येते. वाऱ्याची मात्र तयारी ठेवावी.