कार्ड बदललं, पण खातं तेच!

परवा एका बचत गटाच्या बैठकीत एका ताईनं विचारलं, “क्रेडिट कार्ड घेतलं की बँक भेट देते म्हणे. मग सारखी कार्डं बदलत राहिलं तर?” हा डाव अमेरिकेत खेळून झालाय. आज त्याचीच गोष्ट सांगते.

क्रेडिट कार्ड म्हणजे उधारीचं कार्ड. दुकानदाराला बँक आधी पैसे देते, मग आपल्याकडून वसूल करते. १९५८ साली कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात बँक ऑफ अमेरिकेनं ६० हजार कार्डं, कुणी मागितली नसताना, टपालानं पाठवली. अशी कार्डं पाठवायला १९७० मध्ये अमेरिकेत कायद्यानं बंदी आली.

तेव्हा लग्न झालेल्या बाईनं उधारी मागितली की बँका बहुतेकदा नवऱ्याची सही आणायला सांगत. १९७४ च्या कायद्यानं बाई म्हणून किंवा लग्न झालंय म्हणून भेदभाव करायला मनाई केली. बाईला स्वतःच्या नावाचं खातं मिळायची वाट मोकळी झाली.

पुढे बँकांत गिऱ्हाइकासाठी चढाओढ लागली आणि स्वागताची भेट मोठी होत गेली. २०१६ मध्ये चेस बँकेनं एका नव्या कार्डावर १ लाख गुण देऊ केले. अट अशी, की ३ महिन्यांत ४ हजार डॉलर खर्च करायचे. लोकांची झुंबड उडाली. काही जण तर भेट घ्यायची, कार्ड बंद करायचं आणि पुन्हा तेच कार्ड मागायचं, असं करू लागले.

मग बँकांनी दोऱ्या आवळल्या. अमेरिकन एक्स्प्रेसनं २०१४ पासूनच घरगुती कार्डांवर नियम केला होता: एका कार्डाची स्वागत-भेट माणसाला जन्मात एकदाच. चेसनं २०१८ मध्ये आपल्या एका गटातल्या कार्डांसाठी दोन भेटींमध्ये ४८ महिन्यांचं अंतर ठरवलं.

खरी गोम पुढेच आहे. समजा, एखादीनं बँकेला सांगितलं, “माझं साधं कार्ड बदलून भारीचं द्या.” कार्ड नवं आलं, पण बँकेच्या वहीत खातं जुनंच. स्वागताची भेट असते नव्या खात्याला, म्हणून तिला ती मिळाली नाही. वर अमेरिकन एक्स्प्रेसच्या नियमानं ‘हे कार्ड तुमच्याकडे होतं’ अशी नोंद झाली, म्हणजे पुढेही त्या भेटीवर पाणी. घाईनं दिलेला एक होकार असा महाग पडतो.

आपल्याकडेही न मागता कार्ड द्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. पण मागितलेल्या कार्डाच्या अटी आपणच वाचायच्या. म्हणून सही करण्याआधी चार प्रश्न विचारा. भेट फक्त नव्या खात्याला आहे, की बदललेल्या कार्डालाही? पूर्वी घेतलेली भेट आड येते का? किती दिवसांत किती खर्च करावा लागेल? वर्षाची फी किती? उत्तरं लेखी घ्या.

आणि भेटीसाठी म्हणून गरज नसलेला खर्च करू नका. बिल थकलं, तर त्यावरचं व्याज भेटीपेक्षा जड होतं. गटात कर्ज देताना आपण परतफेडीचा हिशेब आधी मांडतो ना? तोच इथंही मांडा. येते मग, नमस्कार.