इंदूरच्या गल्ल्या पायी फिरलेले प्राध्यापक

स्मरणिकेच्या मंडळींनी ‘तुझ्या व्यवसायाबद्दल लिही’ असं सांगितलं. नगररचना शिकवणं, तिच्यावर संशोधन आणि प्रत्यक्ष कामं, तिन्ही मी थोडीफार केली. पण ती एकाच आयुष्यात खऱ्या अर्थाने जुळवली पॅट्रिक गेडिस यांनी, आणि त्यांचा आपल्या इंदूरशी जवळचा संबंध आहे. शाळेत आपण होळकरशाही शिकलो. हे नाव मात्र पुस्तकात नव्हतं.

गेडिस स्कॉटलंडचे, जन्म १८५४चा. मूळचे जीवशास्त्रज्ञ, हक्सलींचे विद्यार्थी. मेक्सिकोत असताना काही काळ दृष्टी गेली आणि सूक्ष्मदर्शकाचं काम अवघड झालं. पुढे डंडीला वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता ते शहरांकडे वळले. एडिंबरोच्या पडक्या जुन्या वस्तीत तर बायकोसह राहायलाच गेले. १९१४ साली भारताकडे निघालेलं त्यांचं नगररचनेचं प्रदर्शन ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने जहाजासकट बुडवलं. मित्रांनी नवं साहित्य जमवलं आणि प्रदर्शन झालंच!

१९१८ साली त्यांनी होळकर दरबाराला दोन खंडांचा अहवाल दिला. तो पाल्हाळिक आहे, वाचताना दम लागतो. पण त्यातली दृष्टी आजही ताजी आहे. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढला, तर उठवलेली माणसं शेजारच्या वस्तीत दाटी करतात. म्हणून मोडकळीला आलेली मोजकी घरं काढा, रिकाम्या जागी झाडं लावा, बाकीचं दुरुस्त करा, असं ते सांगत. त्यासाठी आधी गल्लीन् गल्ली पायी फिरत.

गावात तेव्हा प्लेगची धास्ती होती. त्यांच्या चरित्रांत दिवाळीच्या मिरवणुकीची हकिकत येते. ज्या रस्त्यांवरची जास्तीत जास्त घरं झाडूनपुसून दुरुस्त होतील, त्यांवरून मिरवणूक जाणार, असं त्यांनी जाहीर करवलं. मग काय, घरोघर साफसफाई सुरू झाली. मिरवणुकीत लक्ष्मी होती, प्लेगचा राक्षस होता, आणि स्वच्छ पोशाखातले, हार घातलेले सफाई कामगारही होते. माझ्या मते त्या मिरवणुकीतली सर्वांत धाडसी गोष्ट हीच. राक्षसाचं शेवटी दहन झालं.

१९१९ साली ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले, गो. स. घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. १९२५ साली त्यांनी तेल अवीवचा आराखडा केला.

मधल्या काळात राजवाड्याच्या आसपास रस्तारुंदीत कित्येक घरांचे दर्शनी भाग गेले. आपल्यापैकी काहींचे ओटे त्यात होते. म्हणून पहिल्या सत्रात मी विद्यार्थ्यांना नकाशा देतच नाही. एक गल्ली फिरून या म्हणतो. कुठलं घर रिकामं, सावली कुठे, बायका कुठे बसतात, ते लिहून आणा.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला जमत असेल, तर राजवाड्यापासून खान नदीपर्यंत पायी जाऊ. अहवालाची प्रत मी आणतो.