दिवे घाटाचा चढ बैलासाठी काढला होता, आणि सायकलवाला त्यावर अजून जगतोय

गेल्या जानेवारीत पुणे ग्रँड टूरची शर्यत आपल्या तालुक्यातून गेली तेव्हा सगळ्यांसारखा मीही रस्त्याच्या कडेला उभा होतो. चार टप्पे, ४३७ किलोमीटर, देशोदेशीचे सायकलपटू. पोलीस, शिट्ट्या, शाळेची पोरं झेंडे घेऊन. डोळ्याची पापणी लवेपर्यंत सगळा घोळका निघून गेला. शेजारी उभे असलेले एक आजोबा म्हणाले, "एवढ्यासाठी रस्ता केला व्हय?"

सगळे हसले. मला ते वाक्य काही सोडेना. म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

आपण ज्या रस्त्यावर उभे होतो तो सायकलींना नवा नाही. पुण्याहून निघायचं, हडपसर, फुरसुंगी, वडकी, मग दिवे घाट, वर आलं की झेंडेवाडी, दिवे, सासवड. पुढं जेजुरी, दौंडजची खिंड, वाल्हे आणि नीरा. आज पुण्यातले हौशी सायकलवाले रविवारी पहाटे हाच रस्ता धरतात, नाहीतर कोंढव्यावरून बोपदेव घाट चढून भिवरी, चांबळीमार्गे सासवडला येतात, मिसळ खातात आणि परत जातात. त्यांना वाटतं हा मार्ग त्यांनी शोधला. खरं तर मार्ग आधी पायांनी शोधला, मग बैलांनी, मग आपल्या आज्या-बापांच्या काळ्या सायकलींनी.

आधी पायांचं. ज्ञानोबारायांची पालखी आजच्या थाटात सुरू केली ती हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. पालखी दिवे घाट चढते तेव्हा रथाला जादा बैलजोड्या लावाव्या लागतात, हे आपण लहानपणापासून पाहतोय. पण याच गोष्टीत घाटाचा सगळा इतिहास आहे. घाटाखाली वडकीजवळ मस्तानी तलाव, वर सोनोरीला मल्हारगड. हा किल्ला पानशांनी १७५७ ते १७६० च्या सुमारास बांधला आणि मराठ्यांनी बांधलेला शेवटचा किल्ला म्हणून तो ओळखला जातो. एवढ्या उशिरा, एवढा छोटा किल्ला इथं कशाला? तर घाटावर नजर ठेवायला. वाट महत्त्वाची होती म्हणून किल्ला आला.

इंग्रज आल्यावर त्यांनी सह्याद्रीतले घाट गाडीरस्त्यांसाठी फोडायला घेतले. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमच्या काळात खुला झाला. या रस्त्यांचं साधं गणित होतं. भरलेली गाडी ओढताना बैल किती चढ झेपवू शकतो? तेवढाच चढ ठेवायचा. मग डोंगर सरळ न चढता वळणं घ्यायची, लांबी वाढली तरी चालेल. मोटार तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. जुन्या घाटरस्त्यांचा चढ दमवतो पण छाती फोडत नाही, त्याचं कारण हे. जो चढ बैलाला झेपतो तो सायकलवाल्यालाही झेपतो. पुण्यापेक्षा सासवड दोनशे मीटरच्या आसपास उंच आहे, पण ती उंची तुम्हाला हप्त्याहप्त्यानं भरता येते.

सायकल आली तेव्हा ती साहेबाची आणि श्रीमंताची. १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण जगप्रवासाला सायकलवर निघाले. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघं १९२८ मध्ये फेरी पूर्ण करून परतले. तेव्हा खेड्यात सायकल बघायला माणसं गोळा होत. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. १९४९ मध्ये मद्रासला टीआय, १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलास, १९५६ मध्ये लुधियानात हिरो. सायकल देशात बनू लागली आणि हळूहळू शिक्षक, पोस्टमन, तलाठी, मग दूधवाला, मग शेतकरी असं करत ती खाली उतरली.

आमच्या घरी ती वडिलांची होती. काळी, जड, मागं रुंद कॅरियर, खाली घोडा. एका बाजूला दुधाची किटली, दुसऱ्या बाजूलाही किटली, हँडलला पिशवी. सीझनला कॅरियरवर अंजिराच्या नाहीतर सीताफळाच्या पाट्या. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी बातमी केली होती. त्या बातमीत कॅरियरचा उल्लेख करायचा राहून गेला, ही माझी चूक. अंजीर नाजूक, धक्का बसला की फुटतं. वडील पाटीत खाली पानं घालायचे आणि खराब रस्ता आला की उतरून सायकल हातानं ढकलायचे. माल वाचवायला माणूस पायी चालायचा.

मी स्वतः मधल्या नळीखालून पाय घालून सायकल शिकलो. तासावर भाड्याची सायकल मिळायची, दुकानदार वहीत वेळ लिहायचा, आणि पाच मिनिटं उशीर झाला तर पुढच्या तासाचे पैसे. नगरपालिकेचा सायकल कर असायचा, तो भरला की पत्र्याचा बिल्ला. डबलसीट पकडलं, दिवा नसला, की दंड. आज हसू येतं, पण जरा विचार करा. त्या काळी सरकार सायकलीला वाहन समजत होतं. कर घेत होतं, नियम लावत होतं, म्हणजे रस्त्यावर तिची जागा मान्य करत होतं. कर गेला आणि त्याच्याबरोबर ती जागाही गेली.

आठवी-नववीत मी पेपर टाकायचो. पहाटेच्या एसटीनं गठ्ठा यायचा, तो कॅरियरला बांधून वाड्यावस्त्यांवर. या रस्त्याचा स्वभाव तेव्हा कळला. जेजुरीकडं जाताना वारा पाठीवर, सायकल आपोआप पळते. दौंडजची खिंड ओलांडली की नीरेपर्यंत एकूण उतारच. पण पावसाळ्याच्या तोंडाला परत येताना पश्चिमेचा वारा असा अंगावर येतो की सपाटीवरही घाट चढल्यासारखं वाटतं. पाऊस मात्र फसवतो. डोंगराच्या पलीकडं धो धो, इकडं नुसता वारा. सपाटी आणि पायथा यांच्यामध्ये राहणाऱ्या माणसाचं हे नशीब. कऱ्हेचं पाणी कधी दिसतं, कधी नुसतीच वाळू.

आता आजचं बोलू.

आपला रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ९६५, संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी त्याच्या कामाची पायाभरणी केली. दिवे घाट ते मोहोळ साधारण २२१ किलोमीटर चौपदरी, आणि कडेनं वारकऱ्यांसाठी पालखीची वेगळी पायवाट. घाटातही डोंगर फोडून रुंदीकरण सुरू झालं. चौपदरी रस्त्याला माझा विरोध नाही, आधीच सांगतो. घाटात तीन-तीन तास अडकलेली अ‍ॅम्ब्युलन्स मी पाहिली आहे. शेतमालाच्या गाड्यांना रस्ता हवाच.

पण हिशेब पूर्ण मांडू. काही वर्षांपूर्वी पहाटे एका दूधवाल्याला मागून वाहनानं उडवलं. ओळखीचा माणूस होता. माझ्या वडिलांसारख्याच दोन किटल्या. मी जागेवर गेलो तेव्हा दूध डांबरावरून वाहत खडीत जिरत होतं. बातमी गेली चार ओळींची, आणि त्यात मीच लिहिलं, "सायकलस्वाराचा अपघाती मृत्यू." कडेला साईडपट्टी नव्हती, डांबराची कड अर्धा फूट तुटलेली होती, त्यामुळं त्याला खाली उतरताच आलं नसतं, हे मी लिहिलं नाही. जागा नव्हती म्हणा, किंवा तेव्हा मला ती बातमी वाटली नाही म्हणा. ते अजून सलतं.

म्हणून त्या आजोबांचं वाक्य मला टोचलं. शर्यतीसाठी रस्ते गुळगुळीत झाले, खड्डे बुजले, पांढरे पट्टे आले. चांगलं झालं, मनापासून सांगतो. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका दोघांच्या गटात पूर्ण केली, २०१७ मध्ये नागपूरच्या अमित समर्थांनी ती एकट्यानं पूर्ण केली. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणायची आपली जुनी पद्धत. हे सगळं आपल्याच मातीतलं वैभव आहे. उद्या आपल्या तालुक्यातली एखादी पोरगी त्या घोळक्यात दिसावी असं मलाही वाटतं.

पण ती पोरगी आज सायकलवर शाळेत कशी जाते? शर्यतीच्या दिवशी तिच्यासाठी रस्ता बंद ठेवणारं कुणी नसतं. तिला लागतो कडेचा पाच फूट सपाट भाग, फाट्यावर ओलांडायला जागा आणि अंधारात एक दिवा.

माझं म्हणणं एवढंच. पालखीसाठी जी पायवाट होते आहे, ती वर्षातले काही दिवस वारकऱ्यांची आणि उरलेले सगळे दिवस पायी चालणाऱ्यांची व सायकलवाल्यांची राहू द्या. तिच्यावर टपऱ्या, खडीचे ढीग आणि पार्किंग बसू देऊ नका. जिथं ती नाही तिथं साईडपट्टी डांबराच्या बरोबरीनं भरून घ्या. यासाठी नवा निधी लागत नाही, ग्रामसभेत एक ठराव लागतो आणि त्याच्या पाठपुराव्याला दोन माणसं लागतात. पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे. दिवे, झेंडेवाडी, वाल्हे, नीरा इथल्या मित्रांनी आपापल्या गावात द्यावा.

आणि एक विनंती. कुणाच्या घरी जुना सायकल कराचा पत्र्याचा बिल्ला असेल, आजोबांचा सायकलीबरोबरचा फोटो असेल, तर खाली टाका. वडिलांची सायकल आम्ही भंगारात दिली, साडेतीनशे रुपयांना. बिल्ला तेवढा राहिलाय. तो उद्या मी टाकतो.